आपण चालवणार

स्टिकरची गुंडाळी उलट्या टोकाकडून उलगडली, खरं तर एवढंच झालं. सुलट उलगडली असती तर आधी नाव दिसलं असतं आणि जे काय व्हायचं ते एका झटक्यात होऊन गेलं असतं. पण दुकानदाराने ती कशीही गुंडाळून दिलेली, त्यामुळे अभय रणपिसेला आधी दिसला तो रक्तगट. ओ पॉझिटिव्ह. पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत. शर्यतीच्या गाडीच्या मागच्या काचेवर चालवणाऱ्याचं नाव लिहितात आणि नावापुढे त्याचा रक्तगट. उद्या गाडी उलटलीच तर आतल्या माणसाला बाहेर काढणाऱ्यांना विचारत बसायला नको म्हणून. अभयचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह. पावसाळ्यात शौनकने मुद्दाम फोन करून तो विचारून घेतला होता. त्यामुळे धायरीत, सोनबाच्या गॅरेजमध्ये, रविवारी सकाळी अकरा वाजता, हात ग्रीसने बरबटलेले असताना अभय दोन-तीन सेकंद सुखी होता. अगदी निर्भेळ सुखी. मग त्याने गुंडाळी आणखी वीतभर सोडवली आणि रक्तगटाच्या अलीकडे शौनक बेहेरे असं नाव निघालं.

दोघांचा रक्तगट एकच. अकरा वर्षांच्या दोस्तीत हे कधी कळलं नव्हतं, आणि कळायचं काही कारणही नव्हतं. सोनबाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. गॅरेज त्याचं, शेड त्याची, वर्षभर ही गाडी त्याच्या जागेत उभी, तेव्हा त्याला विचारायचा हक्क होता. तो पान लावता लावता म्हणाला, "तुजं नाव लिवलंय व्हय?" अभय म्हणाला, "रक्त माझं आहे. नाव दुसऱ्याचं." सोनबाला वाटलं पोरगा चेष्टा करतोय. तो हसला आणि पान तोंडात टाकून बाहेर उन्हात जाऊन बसला. दोनला टेम्पो येणार होता, त्यावर गाडी चढवायची होती, आणि येत्या शनिवारी चेन्नईच्या पलीकडच्या ट्रॅकवर हौशी चालकांच्या स्पर्धेची पहिली फेरी होती. वर्षभराची तयारी. मागच्या दिवाळीत ही जुनी एस्टीम आणली तेव्हा तिच्या गंजलेल्या दारातून हात आरपार जात होता. सीटा काढल्या, गालिचे उपटले, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केला, इंजिन तीनदा उतरवलं. हिंजवडीत आठवडाभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि शनिवार-रविवार या गाडीखाली पाठीवर पडून राहायचं. पाठीवर कोण पडून राहायचं? अभय. आणि शौनक काय करायचा? शौनक मेल करायचा. फॉर्म, लायसन, स्पॉन्सर, टी-शर्ट, सगळं शौनक बघायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो काही फणा काढून येत नाही. छान हसतमुख येतो, वडापाव घेऊन येतो.

पण तो बोलला होता की. अभयने ते वाक्य मनातल्या मनात इतक्यांदा वाजवलं होतं की ते झिजून गुळगुळीत झालं होतं. मे महिन्यात त्या ट्रॅकवर सरावाचा दिवस होता. दोघांनी दहा-दहा फेऱ्या मारल्या. लांबच लांब सरळ पट्टा, तो संपतो तिथे उजवीकडे वळण, आणि वळणाआधी अंतराच्या पाट्या, दोनशे, दीडशे, शंभर. शौनक दोनशेच्या पाटीला ब्रेक मारायचा. अभय दीडशेपर्यंत थांबायचा. त्या पन्नास मीटरांत काय असतं ते सांगता येत नाही. काटा एकशे सत्तरच्या पुढे गेलेला, पिंजरा दातांत वाजतोय, हेल्मेटमध्ये आपलाच श्वास घुमतोय, आणि तरीही आत कुठेतरी एकदम शांत होतं. कुणी विचारत नाही, कुणी बघत नाही, पुढचं वळण तुम्हाला तुमचं आडनाव मागत नाही. अभयची फेरी शौनकपेक्षा दोन सेकंदांनी कमी आली. दोन सेकंद म्हणजे रेसमध्ये अख्खं गाव. परत येताना साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबले तेव्हा शौनकने दोन घोट घेतले, कप खाली ठेवला. मग टेबलावर थाप मारून म्हणाला, "यंदा आपण चालवणार. बास."

आपण चालवणार. अभयला त्यात काय ऐकू आलं? दोन सेकंद ज्याचे, गाडी त्याची. आणि आपण म्हणजे तू आणि मी. एक फेरी तू, एक मी, किंवा तूच. असंच काहीतरी. त्याने घरी येऊन कल्याणीला सांगितलं. कल्याणी खडकीतल्या शाळेत मराठी शिकवते. तिने वह्या तपासता तपासता विचारलं, "आपण म्हणजे कोण?" अभय म्हणाला, आपण म्हणजे आपण. ती म्हणाली, "ते सर्वनाम लबाड आहे. पाचवीच्या पोरांनाही मी नीट समजावू शकत नाही. आपण म्हणजे आम्ही-तुम्ही, आपण म्हणजे तुम्ही, आणि कट्ट्यावरच्या पोरांचं आपण म्हणजे मी. आपण नाही घाबरत कुणाला! त्यातलं कोणतं?" वर म्हणाली, "आणि 'चालवणार'ला वचन नाही, पुरुष नाही. आत कोण बसलंय ते बाहेरून दिसत नाही. एकदा विचार त्याला." अभय तिच्यावर खेकसला होता. मित्राच्या बोलण्याचं व्याकरण सोडवत बसायचं का, म्हणाला होता. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं आज सकाळी अकरा वाजता धायरीत येऊन त्याच्या कानशिलात बसलं. विचारलं का नाहीस मग? इतक्या महिन्यांत एकदा, एकदा तोंड उघडून? भीड ही भिकेची बहीण, असं त्याची आई शालन जन्मभर सांगत आली, आणि हा पठ्ठ्या इंजिनिअर होऊनही भिडेतच मेला.

स्टिकर लावायचा तर काच साबणाच्या पाण्याने ओली करायची, अक्षरं ठेवायची, आणि मधून कडेकडे पुसत हवा काढायची. अभयने ते केलं. हात रागाने थरथरला असता, एखादं अक्षर वाकडं बसलं असतं, बुडबुडा राहिला असता, तरी त्याला बरं वाटलं असतं. पण हात कसला थरथरतोय. हात वडिलांचा, तात्यारावांचा. एकेक अक्षर ओळंब्याने लावल्यासारखं बसलं. सकाळी फोनवर शौनक म्हणाला होता, "काचेवरचा स्टिकर सरळ लाव हं अभ्या, तुझा हात चांगला आहे." तुझा हात चांगला आहे! हे वाक्य अभयने याआधी किती तोंडांतून ऐकलं होतं. कारखान्यातले साहेब वडिलांना हेच म्हणायचे. तुमचा हात चांगला आहे, रणपिसे. हात चांगला असणाऱ्याला कुणी खुर्चीवर बसा म्हणत नाही, हा त्यातला खरा अर्थ, आणि तो अर्थ कळायला अभयला तिसावं वर्ष उजाडावं लागलं. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, पण ही आग वर जात नव्हती. ती हातातच थांबून राहिली होती.

तात्याराव रणपिसे खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. सकाळी भोंगा झाला की सायकल काढायचे. आयुष्यात त्यांनी खिशात काडेपेटी ठेवली नाही, कारण गेटवर झडती व्हायची. रिटायर झाल्यावरसुद्धा स्वयंपाकघरात काडेपेटीला हात लावताना ते आधी खिसे चाचपायचे. क्वार्टरच्या दोन खोल्यांत त्यांच्या कामाचं फक्त एक घरी आलं होतं, ती म्हणजे लाल रंगाची खूण. कारखान्यात तपासलेल्या नटावर तांबड्या रंगाची बारीक रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी खालच्या पत्र्यावर. नट तसूभर हलला तरी रेघ मोडते आणि लांबून दिसतं. घरी पंखा बसवला की रेघ. पलंगाच्या पायाला रेघ. अभयच्या पहिल्या सायकलच्या दोन्ही चाकांना रेघ. ते सांगायचे की आवळणं कुणालाही येतं, रेघ ओढणं हे काम आहे. "रेघ ओढली की ती वस्तू आपली झाली. मग तिचं काही झालं तर विचारायला आपल्या दारात येतात." बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खिळ्यालाही त्यांनी एक रेघ ओढली होती, शालन चिडली होती, भिंत खराब केली म्हणून. एस्टीमच्या चाकांच्या सोळा नटांवर, पिंजऱ्याच्या आणि सीटच्या बोल्टांवर, ब्रेकच्या कॅलिपरवर काल दिवसभर बसून अभयने तशाच रेघा ओढल्या होत्या. शौनकला त्या फार आवडायच्या. कसं प्रोफेशनल दिसतं, म्हणायचा. फोटो काढून ऑफिसात दाखवायचा.

आणि शौनकचं घर नारायण पेठेत. सेकंड इयरला असताना अभय पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा शौनकचे वडील, दीनानाथ बेहेरे, आरामखुर्चीत पेपर वाचत होते. बँकेतून निवृत्त, बोलणं मोजकं. रणपिसे म्हणजे नक्की कुठले, त्यांनी विचारलं. खडकीचे, अभय म्हणाला. "तसं नव्हे," दीनानाथ म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर केला. एवढंच. पुढे काही विचारलं नाही, काही बोलले नाहीत. तसं नव्हे म्हणजे कसं नव्हे, हे अभयने कुणाला विचारलं नाही, कारण त्याला ते माहीत होतं. शौनकची आई हेमाताई मात्र कधी वाईट वागल्या नाहीत, हे खरं सांगायला हवं. अभय दर वेळी स्वतःच्या कपाकडे बघायचा. सगळ्यांचे कप सारखेच असायचे. तरी पुढच्या वेळी तो पुन्हा बघायचा, आणि अजूनही बघतो, आणि या बघण्याचा त्याला जेवढा संताप येतो तेवढा दीनानाथांचाही येत नाही. कॉलेजच्या प्रवेशयादीत नाव आणि नावापुढे एक रकाना होता. लोक आधी तो रकाना वाचायचे, मग नाव. आज त्याने स्वतःही तेच केलं होतं. आधी रकाना वाचून खूश झाला. हात दाखवून अवलक्षण ते याहून वेगळं काय असतं.

शौनकने त्या यादीवरून कधी एक शब्द काढला नाही. वर्गातले बाकीचे बोलायचे तेव्हा भांडायचा. अभय आपला आहे, म्हणायचा. आपला! आज अभयला वाटलं, आपला आणि आपण यांच्यात केवढं अंतर आहे. पाव्हण्याला आपला म्हणतात, मोलकरणीला आपली म्हणतात, कुत्र्यालाही म्हणतात. आपण म्हणायला बरोबरीचा माणूस लागतो. अर्थात हे सगळं खरं असेलच असं नाही, हेही त्याला कळत होतं. शौनकने कदाचित काही विचारच केला नसेल. चहा पीत, टेबलावर थाप मारत, पोरगा बोलून गेला असेल. पण विचारच न करणं याचाच तर राग होता. अभयला घरातून बाहेर पडताना, बोलताना, पाणी मागताना, प्रत्येक वेळी विचार करावा लागतो आणि हा न विचार करता हेल्मेट घालतो.

मोजून आवळायचा पाना भिंतीला होता. ठरलेला जोर आला की तो कट् असा आवाज करतो, मग पुढे दाबायचं नाही. अभयने तो घेतला आणि डाव्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. काल चारही नट आवळले होते. तपासायची गरज नव्हती. त्याने पाना नटावर बसवला आणि तसाच थांबला. आवळायला उजवीकडे, सैल करायला डावीकडे. अर्धा फेरा. अर्ध्या फेऱ्याने गाडी टेम्पोतून उतरताना काही कळणार नाही, पहिल्या दोन फेऱ्यांत कळणार नाही. सरळ पट्टा संपेल, दोनशेची पाटी येईल, शौनक ब्रेक मारेल. अभयला ते सगळं दिसलं, अगदी शौनकच्या हेल्मेटवरचा ओरखडासुद्धा दिसला. विचार आला म्हणून तो घाबरला नाही. विचार येताना हात किती शांत होता, याला घाबरला. पाना काढून त्याने दूर ठेवला. बाहेर सोनबा कुणाशी तरी फोनवर बोलत होता, टेम्पो निघालाय, दोनपत्तुर यील हितं, असं काहीतरी. अभयला एकदम तात्यारावांची आठवण आली, म्हणजे चेहऱ्याची नाही, स्वयंपाकघरात उभं राहून खिसे चाचपण्याची. काडेपेटी नाही ना? नाही. मग आत जा.

शौनक एक वाजता आला. बरोबर त्याची बायको ऋचा, हातात हेमाताईंनी दिलेला नारळ आणि हळदी-कुंकवाची पुडी. गाडी जायच्या आधी पूजा करायची होती. शौनकने आल्या आल्या काच बघितली, दोन पावलं मागे गेला, पुन्हा बघितली आणि म्हणाला की एक नंबर, अभ्या, जरासुद्धा तिरका नाही. तो खुशीत होता. अंगात शर्यतीचा नवा लाल सूट होता, मापाने शिवून घेतलेला. मग त्याने खिशातून दोरी लावलेलं एक कार्ड काढून अभयच्या गळ्यात घातलं. त्यावर अभयचा फोटो, खाली रक्तगट, आणि वर इंग्रजीत लिहिलेलं मेकॅनिक. म्हणजे पावसाळ्यातला तो फोन यासाठी होता. फोटो टाय लावून काढलेला होता, खडकी बाजारातल्या स्टुडिओत, कल्याणीने स्वतः गाठ बांधून दिलेली. मेकॅनिकचं कार्ड आणि टाय. अभयला हसू यायला हवं होतं.

"दोन सेकंद माझे कमी होते," तो म्हणाला.

शौनकला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने ऋचाकडे बघितलं, आणि ऋचा नारळ घेऊन गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली. शौनक समजुतीच्या सुरात बोलायला लागला. एका गाडीला एकच चालक असतो, नियमच आहे, लायसन त्याच्या नावावर, फॉर्म त्याने भरले, आता शेवटच्या घटकेला हे काय काढलं. दुसरी फेरी जानेवारीत आहे, तेव्हा बघू, तेव्हा काहीतरी करू. अभयने ते सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं की साताऱ्याच्या अलीकडे, चहा पिताना, तू काय म्हणाला होतास. शौनकने आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, नाटक केलं नाही, हे अभयला दिसत होतं, आणि त्यानेच त्याचं डोकं जास्त फिरलं.

"यंदा आपण चालवणार, असं म्हणालास."

"हां, मग? आपण म्हणजे मी रे," शौनक म्हणाला. "बोलायची पद्धत असते. तुला काय वाटलं?"

तुला काय वाटलं. याचं उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं? अभयला आता काहीच वाटत नव्हतं, राग सोडून. राग मात्र स्वच्छ होता, धुतलेल्या काचेसारखा, त्यातून सगळं आरपार दिसत होतं. तेवढ्यात शौनकचा फोन वाजला. स्पॉन्सरचा होता, घ्यावाच लागणार होता, आणि तो फोन कानाला लावून बाहेर कडुनिंबाखाली गेला. तिथून त्याचं हसणं ऐकू येत होतं. हो सर, गाडी एकदम फिट आहे सर, आपली टीम चोवीस तास राबतेय सर.

अभयने कपाटातून थिनरची बाटली आणि चिंधी काढली. डाव्या पुढच्या चाकापासून सुरुवात केली. तांबडी रेघ चिंधीला लागून आली आणि नट उघडा, नुसता चकचकीत लोखंडाचा राहिला. दुसरा नट, तिसरा, चौथा. उजवीकडचे चार. मागचे आठ. मग आत वाकून पिंजऱ्याचे बोल्ट, सीटचे, पट्ट्याचे, मग खाली पडून ब्रेकच्या कॅलिपरचे. एकाही नटाला त्याने पाना लावला नाही. सगळे काल आवळले तसेच होते, ठरलेल्या जोराने, कट् म्हणेपर्यंत. फक्त आता त्यांचं काही झालं तर खडकीत कुणाच्या दारात यायचं कारण नव्हतं. काम करताना त्याला जाणवलं की आपण रडतोय की काय, पण ते थिनरने डोळ्यांत आलेलं पाणी होतं, निदान थोडं तरी थिनरचं होतं. ऋचा पलीकडून सगळं बघत होती. नारळ बोनेटवर ठेवून ती बाजूला उभी राहिली.

शौनक परत आला तो बोलत बोलतच, आणि पुढच्या चाकापाशी थांबला. त्याने खाली वाकून बघितलं. मग मागचं चाक बघितलं. मग आत डोकावला. एवढ्या रेघा कधी मोजायचं त्याच्या मनात आलं नव्हतं, पण त्या नाहीत हे त्याला एका नजरेत कळलं. तात्यारावांची युक्ती अशी होती की खूण मोडलेली लांबून दिसते. खूण नसलेली त्याहून लांबून दिसते.

"सैल केलेस?" शौनकने विचारलं. आवाज खाली आला होता.

अकरा वर्षांच्या दोस्तीतला हा पहिला प्रश्न, जो त्याने खरोखर विचार करून विचारला होता. सकाळी नटावर बसवलेला पाना अभयच्या डोळ्यांपुढून गेला. त्याने नाही म्हणून मान हलवली. मग गळ्यातलं कार्ड काढून बोनेटवर नारळाशेजारी ठेवलं, आणि लाल रंगाची डबी आणि बारीक ब्रश शौनकच्या हातात दिला. ज्याच्या नावाची गाडी त्याने खूण करायची असते, त्याने सांगितलं. तशी पद्धत आहे.

शौनक ब्रश हातात घेऊन चाकापाशी बसला. नव्या सुटाचे गुडघे ऑइलच्या डागावर टेकले. ब्रश डबीत बुडवला, नटापर्यंत नेला, आणि हात तिथेच थांबला. रंगाचा एक थेंब जमिनीवर पडला. रेघ ओढायची तर नट आवळलेला आहे हे स्वतःला माहीत असावं लागतं, आणि ते त्याला माहीत नव्हतं. शनिवारी सरळ पट्ट्यावर दोनशेची पाटी येईल तेव्हाही माहीत नसणार होतं. टेम्पो गल्लीत शिरल्याचा आवाज आला. सोनबा उठून त्याला मागे, अजून मागे, असं ओरडत गेला.

"अभ्या, असं काय करतोस," शौनक म्हणाला. "मला काय कळतंय यातलं? कसं बघायचं असतं हे?"

"पाना भिंतीला आहे," अभय म्हणाला. "आपण तपासून घ्यावं."

शौनकने खालूनच मान वर केली. "आपण म्हणजे?"

अभयने चिंधीला हात पुसले, एकेक बोट नीट पुसलं.

"तुम्ही," तो म्हणाला.